सगळ्यांना सांगायची काय गरज?

‘पोराला ऑटिझम आहे, हे तुम्ही सगळ्यांना का सांगत फिरता?’ लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या फाटकाशी हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा काळजीच असते. लोक नावं ठेवतील, धाकटीचं लग्न जमताना अडेल, मोठेपणी त्यालाच वाईट वाटेल. यातली शेवटची काळजी माझीही आहे, तिच्याकडे पुढे येते.

आमचा मुलगा 11 वर्षांचा आहे. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता; मेंदूची वाढच वेगळ्या तऱ्हेने होते, त्यामुळे बोलणं, वागणं वेगळं असतं. तोंडाने थोडे शब्द बोलतो, बाकीचं टॅबवरची चित्रं दाबून सांगतो. दार उघडं दिसलं की तो निघतो. त्यातून त्याला रेल्वेगाड्यांचं वेड आणि आम्ही विक्रोळी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. हाक मारली तर तो वळेलच असं नाही, कुणी नाव-पत्ता विचारला तर सांगू शकणार नाही. असं निघून जाणं ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांत दिसतं. त्याच्यावर चोवीस तास एकट्या आईची नजर पुरणार आहे का? म्हणून मी वॉचमनला सांगितलं, इस्त्रीवाल्या काकांना सांगितलं, भाजीवाल्या मावशींना, रिक्षा स्टँडवरच्या सगळ्यांना सांगितलं. हा एकटा दिसला तर ओरडू नका, मागून धरू नका, समोर जाऊन उभे राहा आणि मला फोन लावा. मावशींनी त्याला गल्लीच्या तोंडाशी अडवून टोपलीतले वाटाणे सोलायला बसवलंय, मी पोहोचेपर्यंत. लपवून ठेवलं असतं तर त्यांना तो फक्त ‘कुणाचं तरी पोर’ वाटला असता.

गणपतीत ताशाचा कडकडाट त्याच्या कानाला सोसत नाही. तो कान दाबून जमिनीवर डोकं आपटायला लागतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हट्टी आहे, लाडावून ठेवलाय. मी मंडळाच्या पोरांना घरी बोलावून चहा दिला आणि नीट समजावलं की तो मुद्दाम करत नाही, त्याच्या मेंदूपर्यंत आवाज वेगळ्या तीव्रतेने पोहोचतो. ती पोरं विशी-बाविशीची. मी धरून चालले होते की मान डोलावतील आणि विसरतील. पण आता मिरवणूक आमच्या इमारतीपाशी आली की पथक हात थांबवून फक्त चालत पुढे जातं, आणि निघायच्या आधी त्यांच्यातला एक जण मला फोन करतो, ‘काकू, कानाचं लावा त्याला.’ गेल्या वर्षी तो हेडफोन लावून खिडकीत उभा राहिला आणि त्याने गणपती बघितला. या पोरांचं मला फार कौतुक आहे.

शेजाऱ्यांना सांगणं ही अर्धी गोष्ट. उरलेली कागदावर सांगावी लागते. 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यात ऑटिझम आहे. तरी 2011 च्या जनगणनेत त्यासाठी वेगळा रकाना नव्हता. आमची मुलं ‘इतर’मध्ये किंवा कुठेच नाहीत. जी मुलं घरात लपतात त्यांच्यासाठी कोण तरतूद करणार, सांगा.

2016 च्या कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. एका शाळेत मला ‘आमच्याकडे अशी सोय नाही हो’ असं गोड आवाजात सांगण्यात आलं. मी म्हटलं, हेच लेखी द्या. माझ्या अर्जावर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय मी खुर्ची सोडली नाही. नव्या पालकांना मी हेच सांगते: तोंडी नकार ऐकून घरी येऊन रडू नका. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढा. ‘शिक्का बसेल पोरावर’ म्हणून लोक ते टाळतात आणि दहावीच्या तोंडावर लेखनिक, जास्तीचा वेळ यांसाठी धावाधाव करतात.

आणि हो, ‘मोबाइल दिलात म्हणून झालं असेल’ असंही ऐकवतात. एकेकाळी डॉक्टर मंडळीसुद्धा आयांच्या थंडपणाला दोष देत. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं. आज 2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, निळे दिवे लावणाऱ्या शहरात तोच आरोप नव्या शब्दांत ऐकावा लागतो, याचा मला राग येतो.

आता ती शेवटची काळजी. मी सगळं सांगत नाही. त्याचा उद्रेक चालू असताना कुणी मोबाइल काढला तर मी मध्ये उभी राहते. त्याच्या शी-शूच्या, औषधांच्या गोष्टी पंगतीत निघत नाहीत. मदत करायला किंवा हक्क द्यायला समोरच्याला जेवढं लागतं, तेवढंच. त्याला ऐकू येतं आणि समजतं, म्हणून त्याच्या पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा मी त्याच्यासमोरच बोलते. हल्ली मी बोलायला लागले की तो कधीकधी टॅबवर ‘नको’ दाबतो. मग मी थांबते.

पुढच्या वर्षी तो 12 चा होईल आणि त्याला लोकलच्या लेडीज डब्यात नेता येणार नाही. जनरल डब्यातल्या अनोळखी माणसांना काय सांगायचं, हे आम्ही दोघं मिळून ठरवतोय. गळ्यात कार्ड त्याला आवडत नाही, खिशातलं चालतं. त्यावरचं पहिलं वाक्य त्याने चित्रं जोडून दिलंय: ‘मला ऐकू येतं.’ तेव्हा गाडीत आम्ही दोघं भेटलो तर प्रश्न मला नका विचारू, त्याला विचारा, आणि उत्तर यायला थोडा वेळ द्या.