पासवर्ड कोठे भरायचा नाही, हे ठरवताना

पासवर्ड मॅनेजर वापरा असा सल्ला देताना आपण बहुधा त्याच्या स्मरणशक्तीचे गोडवे गातो. प्रत्येक ठिकाणचा वेगळा, लांबलचक पासवर्ड तो लक्षात ठेवतो आणि आपल्याला एकच पाठ करावा लागतो, हे खरेच आहे. त्याचे दुसरे काम मात्र सहसा कोणी सांगत नाही. समोर उघडलेले पान नोंदवलेल्या डोमेनवरचेच, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदणीकृत नावावरचेच आहे का, हे तो अक्षर न् अक्षर ताडून पाहतो आणि नसेल तर गप्प बसतो. बोधचिन्ह, रंग आणि मांडणी हुबेहूब उचलून बँकेच्या पानाची नक्कल केली तर माणूस फसू शकतो, पण पत्त्यातले एक जरी अक्षर इकडचे तिकडे झाले असेल तर हे साधन फसत नाही. माझ्या लेखी त्याची निम्मी किंमत या गप्प बसण्यात आहे. त्याने कोठे पुढे यावे आणि कोठे गप्प राहावे हे ठरवणारी सेटिंग मात्र बहुतेक जण कधी उघडूनही पाहत नाहीत.

मी बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर वापरते, त्यामुळे खालची नावे त्यातली आहेत. प्रत्येक नोंदीत संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी 'मॅच डिटेक्शन' नावाचा पर्याय असतो आणि काहीही न बदलल्यास तो 'बेस डोमेन'वर असतो. म्हणजे पत्त्यातील मूळ डोमेन जुळले की पुरे, त्याच्या आधी काय लिहिले आहे याची तो पर्वा करत नाही. आता मूळ डोमेन कोणते, हे यंत्राला कसे कळावे? 'गव्ह डॉट इन' हे कोणा एकाचे डोमेन नव्हे, तर 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' हे एका यंत्रणेचे डोमेन आहे, हा भेद केवळ ठिपके मोजून कळत नाही. त्यासाठी मोझिलाने सुरू केलेली 'पब्लिक सफिक्स लिस्ट' नावाची सार्वजनिक यादी वापरली जाते. कोणकोणत्या प्रत्ययांखाली, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या भागांखाली, वेगवेगळ्या मालकांना नावे मिळतात, हे तीत नोंदलेले असते. 'को डॉट इन' आणि 'गव्ह डॉट इन' तीत आहेत. 'गिटहब डॉट आयओ'ही आहे, म्हणून तेथील एकाच्या पानावरचा पासवर्ड दुसऱ्याच्या पानावर पुढे केला जात नाही.

या हिशेबाने 'भूलेख' आणि 'डिजिटल सातबारा' ही दोन्ही सबडोमेन, म्हणजे मूळ डोमेनच्या आधी नाव जोडून केलेले पोटविभाग, महाभूमीची असल्याने एकीची नोंद दुसरीवरही दिसेल. येथे त्यात फारसे बिघडत नाही. एखाद्या कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या एकाच डोमेनखाली मात्र पगाराचे पोर्टल, जुनी चाचणीची स्थळे आणि कोणीतरी तीन वर्षांपूर्वी उभारून विसरून गेलेले सबडोमेन असे सगळेच नांदत असते. अशा ठिकाणी मी 'होस्ट' हा पर्याय निवडते. मग सबडोमेनसकट पूर्ण नाव जुळावे लागते आणि पत्त्यात पोर्ट, म्हणजे एकाच पत्त्यावरची वेगळी सेवा ओळखण्याचा क्रमांक, दिलेला असेल तर तोही. घरच्या राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावर निरनिराळ्या पोर्टांवर निरनिराळ्या सेवा चालवणाऱ्यांना हाच पर्याय सोयीचा पडतो.

'स्टार्ट्स विथ', म्हणजे पत्त्याची सुरुवात जुळली की भरायचे, हा पर्याय दिसतो तितका साळसूद नाही. नोंदीतला पत्ता 'डॉट कॉम'पाशीच संपवला आणि पुढची तिरपी रेघ दिली नाही, तर त्याच अक्षरांनी सुरू होणारा पण 'डॉट कॉम'नंतर आणखी एक ठिपका देऊन भलत्याच डोमेनवर जाणारा पत्ताही जुळतो, कारण सुरुवात तीच आहे. ती एक रेघ म्हणूनच न विसरता द्यावी. 'एक्झॅक्ट', म्हणजे पूर्ण पत्ता तंतोतंत जुळला तरच भरायचे, हा याच्या उलट टोकाचा आहे. लॉगिनच्या पत्त्याला दर वेळी नवे शेपूट जोडणाऱ्या संकेतस्थळांवर तो काहीच भरत नाही आणि वैतागून माणूस पुन्हा ढिल्या पर्यायाकडे वळतो. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे पत्ता जुळवण्याचे नमुने सांकेतिक चिन्हांत लिहिण्याच्या, वाटेला ज्याला ती रोज लिहावी लागतात त्यानेच जावे.

या सगळ्याची खरी परीक्षा गेल्या वर्षी झाली. फसवणुकीला आळा बसावा म्हणून सर्व बँकांनी 'बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर जावे, असे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि एप्रिलच्या परिपत्रकात त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही नावे देण्याचे काम रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे, त्यामुळे कोणीही सोम्यागोम्या तेथे नाव घेऊ शकत नाही. निर्णय उत्तमच होता. परंतु ज्या दिवशी बँकेने पत्ता बदलला त्या दिवशी पासवर्ड मॅनेजरच्या दृष्टीने ती बँक अनोळखी झाली. बाबांचा फोन आला, "अगं, पासवर्ड येईनासा झालाय. कॉपी करून टाकू का?" मी म्हटले, "थांबा बाबा, आधी वरचा पत्ता वाचून दाखवा."

बाबांना सुचलेला तोडगाच धोक्याचा होता. कॉपी करून चिकटवताना डोमेनची तपासणी होतच नाही, आणि नकली पानावरही साधन असेच गप्प बसलेले असते. पत्ता बदलला आहे की पान खोटे आहे, हे त्याच्या गप्प बसण्यावरून ठरवता येत नाही, ते आपल्यालाच पाहावे लागते. आम्ही बँकेचा जुना, पासबुकावर छापलेला पत्ता हाताने टाइप केला, तो आपोआप नव्या पत्त्यावर गेला आणि मगच तो नवा पत्ता त्याच नोंदीत दुसरी ओळ म्हणून जोडला. जुनी ओळ नंतर काढून टाकली. नोंदवताना बँकेच्या मुखपृष्ठाचा नव्हे, तर प्रत्यक्ष लॉगिनच्या पानाचा पत्ता घ्यावा, कारण नेट बँकिंग पुष्कळदा वेगळ्या सबडोमेनवर असते. आणि येथे 'होस्ट'च हवा. प्रत्ययांच्या यादीत 'बँक डॉट इन' नसेल, किंवा एखाद्या साधनाकडे त्या यादीची जुनी प्रत असेल, तर 'बेस डोमेन'च्या हिशेबाने देशातल्या साऱ्या बँका एकाच घरच्या ठरतील आणि एकीचा पासवर्ड दुसरीच्या पानावर पुढे केला जाईल. 'होस्ट' ठेवल्यास त्या यादीवर विसंबण्याचे कारणच उरत नाही.

'नेव्हर', म्हणजे कधीच भरायचे नाही, हा पर्यायही निरुपयोगी नाही. काही बँकांत लॉगिनचा पासवर्ड वेगळा आणि व्यवहाराचा वेगळा असतो. व्यवहाराच्या पासवर्डची मी स्वतंत्र नोंद करते आणि तिला 'नेव्हर' लावते, म्हणजे लॉगिनच्या चौकटीत तो चुकूनही सुचवला जात नाही.

डोमेन जुळणे आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, ट्रॅकिंग करणाऱ्या दोन कंपन्यांच्या स्क्रिप्ट (पानासोबत चालणारे छोटे प्रोग्रॅम) पानात अदृश्य लॉगिन फॉर्म घालत, ब्राउझर त्यात साठवलेली माहिती आपणहून भरी आणि त्यातल्या ईमेलवरून वाचकाचा माग ठेवला जाई. अशी १,११० संकेतस्थळे त्यांना सापडली. पासवर्ड चोरल्याचे दिसले नाही, पण स्क्रिप्ट त्याच पानात चालत असल्याने डोमेन अगदी बरोबर होते आणि नियम कितीही कडक असता तरी उपयोग झाला नसता. म्हणून पान उघडताच भरण्याची सोय बंदच असावी. बिटवॉर्डनमध्ये ती मुळात बंद असते. फायरफॉक्समध्ये मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप भरण्यासमोरची खूण काढावी लागते.

क्लिक केल्यावरच भरायचे म्हटले तरी क्लिकही चोरता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक टोथ या संशोधकाने डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत दाखवले की, पासवर्ड मॅनेजरच्या एक्स्टेन्शनने (ब्राउझरला जोडलेल्या भागाने) पानावर उघडलेली नोंदींची यादी अदृश्य करून, कुकीज स्वीकारण्याच्या निमित्ताने वापरकर्त्याकडून नेमके तीवरच बोट ठेववता येते. लॉगिनची माहिती अशी लांबवायला हल्लेखोराला त्याच डोमेनवर कोठेतरी शिरकाव लागतो, आणि 'बेस डोमेन' असेल तर तो कुठल्याही सबडोमेनवर मिळाला तरी चालतो. वर ज्या विसरलेल्या सबडोमेनचा उल्लेख आला, ते असे महाग पडते.

इतर साधनांतही हीच सोय थोड्याफार फरकाने आहे. वनपासवर्डमध्ये संपूर्ण स्थळावर भरावे, केवळ नेमक्या होस्टवर भरावे की कधीच भरू नये, हे प्रत्येक नोंदीत निवडता येते. कीपासएक्ससी एखाद्या स्थळाने नोंद प्रथम मागितली की आधी आपली परवानगी विचारतो, हे मला विशेष आवडते.

अँड्रॉइड फोनवर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. ॲपच्या पोटात उघडलेल्या वेबपानात भरलेला पासवर्ड त्या ॲपच्या हाती लागू शकतो, हे हैदराबादच्या आयआयआयटीमधील संशोधकांनी डिसेंबर २०२३ मध्ये 'ऑटोस्पिल' या नावाने ब्लॅक हॅट युरोप परिषदेत मांडले होते. त्यामुळे एखादे ॲप दुसऱ्याच सेवेचे लॉगिन आपल्या खिडकीत उघडून दाखवू लागले, तर मी ते बंद करते आणि तेच पान ब्राउझरमध्ये उघडून लॉगिन करते.