उभयचर-सरीसृप वही: त्वचा झाली, अंडं झालं, आता शेपूट

उभयचर (बेडकासारखे) आणि सरीसृप (सरपटणारे) प्राण्यांतला फरक मी आणि लेक घरीच शिकतोय. मागच्या नोंदीत आम्ही त्वचेपाशी होतो. तो भाग आता पक्का झालाय. फरकांचा तक्ता पाठ करून घ्यायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. लेकीला फक्त एक प्रश्न दिला: हा प्राणी अंगातलं पाणी कसं सांभाळतो? बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या त्वचेतून शोषून घेतो. त्याच ओलसर त्वचेतून तो श्वासही घेतो, म्हणून ती वाळली की त्याच्या जिवावर बेततं. सरड्याची केराटिनच्या (आपल्या नखांतल्या पदार्थाच्या) खवल्यांची त्वचा पाणी आत धरून ठेवते, पण त्या बदल्यात श्वासाचं काम फुप्फुसांवर पडतं. एवढं कळल्यावर सॅलमॅन्डर पालीसारखा दिसला तरी बेडकाच्या गटातला, हे तिचं तिनेच ठरवलं. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये बेडूक, सरडे आणि साप एकाच वर्गात घातले होते, हे ऐकून तर ती खूश झाली. हा इतिहास मुलांना जरूर सांगावा असं मला वाटतं. वर्गीकरण माणसांनी केलंय आणि ते तपासता येतं, हे त्यांना त्यातून उमगतं.

अंड्याचा धडा एका प्रश्नावर उलगडला. "आई, समुद्री कासव पाण्यातच राहतं ना, मग अंडी तिथेच का घालत नाही?" उत्तर छान आहे. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, नुसती जेली असते, म्हणून त्याला ओल लागते. कासवाच्या अंड्यात भ्रूण स्वतःच्या पाण्याच्या पिशवीत वाढतो आणि हवा कवचातून आत येते. ते अंडं समुद्रात राहिलं तर आतलं पिल्लू गुदमरेल. अंडी पुरलेली वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त, हेही त्याच ओघात आलं.

आता मुख्य मुद्दा: टॅडपोल, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू.

ते घरात ठेवायला आपल्याकडच्या नियमांत परवानगी आहे का, हे आधी बघून घ्या. नसेल तर तळ्याकाठी बसूनही हे सगळं दिसतं. ठेवणार असाल तर मोजकेच ठेवा आणि ज्या पाण्यातून आणले त्याच पाण्यात सोडा. 1999 मध्ये वर्णन झालेली कायट्रिड बुरशी बेडकांच्या त्वचेवरच हल्ला करते. तिच्यामुळे जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती घटल्या आहेत, काही तर नामशेष झाल्या. एका तळ्यातलं पाणी किंवा प्राणी दुसऱ्यात नेणं म्हणजे ती पसरवायला हातभार लावणं. याबाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

पारदर्शक भांड्यात टॅडपोल खालून बघा. पोटाच्या पातळ त्वचेतून लांबलचक आतडं गुंडाळी केलेलं दिसतं. शेवाळ खरवडून खाणाऱ्याला ते लागतंच. पुढे बेडूक होऊन किडे खायला लागेपर्यंत ते आखूड होतं. मागचे पाय आधी, शेपटीच्या मुळाशी बारीक कळ्यांसारखे येतात. पुढचे पाय मात्र अचानक उगवल्यासारखे वाटतात. खरं तर ते कल्ल्यांवरच्या त्वचेच्या पडद्याआड आधीपासून वाढत असतात. भिंगातून पाहताना लेकीला त्या पडद्याखाली कोपराचा फुगवटा हलताना दिसला आणि तिने लगेच वहीत बाण काढून ठेवला: "इथून येणार." आणि तिथूनच आला!

शेपूट गळून पडत नाही, शरीर ती आतल्या आत जिरवतं. तोंडाची रचना बदलत असते तेव्हा पिल्लू जवळजवळ खात नाही, जिरणारी शेपूटच त्याची शिदोरी असते. तेव्हा खाणं टाकलं म्हणून घाबरू नका. पाणी उथळ करा आणि बाहेर चढायला उतरता दगड ठेवा, कारण फुप्फुसावर आलेलं पिल्लू बुडू शकतं. हे सगळं थायरॉइडच्या संप्रेरकावर चालतं. गुडरनॅच नावाच्या शास्त्रज्ञाने 1912 मध्ये टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते लहान असतानाच बेडूक होऊ लागले. लेकीला हा प्रयोग फार आवडला. आम्ही तो वहीत चित्रांतूनच केला.

सापांचं निरीक्षण लांबूनच आणि मोठं माणूस सोबत असतानाच. भिंगाखाली फक्त कात. कातीवर डोळ्याच्या जागी पारदर्शक टोपी मिळते. सापाला पापण्या नसतात हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं. हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्यांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू येऊ शकतो.

पुढची पायरी मगर. तिच्या हृदयाला चार कप्पे असतात, आणि आज हयात असलेल्यांत तिचे सर्वांत जवळचे नातलग सरडे नव्हेत, पक्षी आहेत. लेकीने वहीत सरपटणाऱ्यांची चौकट आखून ठेवलीय आणि चिमणी आत घ्यायची की बाहेर ठेवायची, यावर आमचा वाद चालू आहे. माझं मत: आत.