स्मग्लर्स नॉचची तिसरी वारी: +२१ वरून +९

तर मंडळी, अपडेट द्यायला उशीर झालाय, एक तर कोपर दुखत होतं आणि दुसरं म्हणजे आधीच्या दोन वाऱ्यांचे आकडे लिहायची लाजच वाटत होती. मे महिन्यात +२१, ऑगस्टमध्ये +१६ आणि आता ऑक्टोबरच्या दुसऱ्या वीकेंडला +९ (डिस्क गोल्फचे आकडे, पारपेक्षा, म्हणजे कोर्सने धरून दिलेल्या शॉटपेक्षा, इतके जास्त). तिन्ही वेळा कोर्स तोच, ब्रूस्टर रिज, आणि हातही तोच, जोर इंचभर वाढलेला नाही, कोपरामुळे उलट कमीच झालाय. मग बारा शॉट गेले कुठे, ते विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. व्हरमाँटमध्ये जेफरसनव्हिल गावाजवळ स्मग्लर्स नॉच म्हणून एक स्की रिसॉर्ट आहे, खाजगी मालकीचं. बर्फ गेला की त्यांच्याच जागेत डिस्क गोल्फ चालतं, म्हणजे टी पॅडवरून (सुरुवातीच्या जागेवरून) चकती फेकत कमीत कमी शॉटमध्ये चेन टांगलेल्या बास्केटमध्ये टाकायची, १८-१८ होलचे दोन कोर्स, ब्रूस्टर रिज जंगलात आणि फॉक्स रन मेडोज बऱ्यापैकी मोकळ्यावर. २०१८ आणि २०२३ ची प्रो वर्ल्ड्स, म्हणजे ह्या खेळातली जागतिक स्पर्धा, इथेच झाली. २०१८ ला जिंकला ग्रेग बार्सबी, २०२३ ला आयझॅक रॉबिन्सन आणि बायकांमध्ये एस्टोनियाची क्रिस्टिन तत्तार. मी २०२३ चे राउंड घरी सोफ्यावर लोळत बघितले होते आणि मनात म्हटलं होतं की एवढं काय, झाडांमधून सरळ तर मारायचंय. कॅमेऱ्यात डोंगर सपाट होतो हो! हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचे फोटो बघून कोणाला कधी घाम फुटलाय का, तसंच हे.

बॉस्टनच्या बाजूने साडेतीन-चार तास लागतात. शेवटचा टप्पा स्टोवरून १०८ नंबरच्या रस्त्याने खिंडीतून गेलात तर मजा आहे, वरंधा घाटाची आठवण येते, रस्त्याच्या अगदी कडेला घराएवढे धोंडे आणि वळणं इतकी आवळलेली की मोठ्या ट्रकना बंदी असूनही कोणी ना कोणी जाऊन अडकतोच. हिवाळ्यात हा रस्ता बंदच असतो. नावामागची गोष्ट पण भारी आहे, १८०७ मध्ये जेफरसनच्या सरकारने परदेशी व्यापार बंद केला तेव्हा इथले लोक ह्याच खिंडीतून गुरं आणि माल कॅनडाकडे चोरून न्यायचे, आणि पुढे दारूबंदीच्या काळात दारू उलट दिशेने यायला लागली. मी माझ्या बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) पण तिथून चोरूनच आणतो, त्यामुळे बरोबर आहे.

खाजगी कोर्सबद्दल एक सांगतो, कारण मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं की टाउनच्या पार्कात फुकट खेळायला मिळतं तर पैसे कशाला मोजायचे. माझा घरचा कोर्स पार्कातलाच आहे, तिथे फेअरवेवरून (टी ते बास्केटच्या वाटेवरून) बाबागाड्या जातात, कुत्री डिस्क पळवतात आणि एका बास्केटखाली कायम कोणाचीतरी पिकनिक असते, आणि त्यात चूक काहीच नाही, जागा सगळ्यांचीच आहे. खाजगी जागेत मालकाने कोर्स हाच विषय धरून झाडं ठेवलेली किंवा तोडलेली असतात. मॅसॅच्युसेट्सचा मेपल हिल बघा, ख्रिसमस ट्रीच्या शेतावर आहे, तिथल्या ओळीत लावलेल्या झाडांमधून खेळताना आपण कोणाच्यातरी बागेत शिरलोय असं वाटत राहतं. आणि जून महिन्यात ओळखीच्या ओळखीतून एकाच्या घरामागच्या टेकडीवर नऊ बास्केट खेळलो होतो, तिथे मालकाची एकच अट, मेपलच्या झाडांना रस काढायला लावलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांना डिस्क लागता कामा नये. साधारण चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन सिरप होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात सरळ राउंड खेळलो. दुसऱ्याच्या नळ्यांची भीती हा बेस्ट कोच आहे.

आता मुद्द्यावर. मे ची वारी म्हणजे चिखल, काळ्या माश्या आणि माझा डेस्ट्रॉयर. १२ स्पीडचा ड्रायव्हर, म्हणजे लांब जाणारी पण जोरात फेकली तरच नीट उडणारी डिस्क, मी मारतो जेमतेम २८० फूट, म्हणजे ती डिस्क माझ्या हातून कधी तिच्या स्पीडला पोचतच नाही आणि सुटली की डावीकडे वळते, मोकळ्या पार्कात चालून जातं, जंगलात डावीकडे झाड असतं. उजवीकडे पण झाड असतं. मी वहीत प्रत्येक वाया गेलेल्या शॉटपुढे कारण लिहितो (बायको म्हणते एवढी वही घरखर्चाची ठेवली असतीस तर), तर २१ पैकी ११ शॉट पहिल्या शंभर फुटांतल्या झाडांनी खाल्ले होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त नुकसान टी पॅडपासून हाकेच्या अंतरावर.

म्हणून ऑगस्टमध्ये ९ स्पीडच्या वरचं सगळं गाडीत ठेवून आलो. बॅगेत कमी स्पीडच्या लेपर्ड, बझ, रॉक, दोन अव्हियार (पटर, म्हणजे जवळून टाकायच्या डिस्क) आणि फोरहँडला एक फायरबर्ड, बस्स. माझा मित्र ४०० फूट मारतो, तो म्हणाला वर्ल्ड्सच्या कोर्सवर पटर घेऊन आलास का. पण फरक पडला, झाडं लागली तरी उशिरा लागली. डोंगरावरचा हिशोबही तेव्हा जरा डोक्यात बसला. चढावर प्रत्येक एक फूट उंचीला तीन फूट अंतर धरायचं हा ठोकताळा, म्हणजे २५० फुटांचं होल ३० फूट चढत असेल तर ते ३४० चं समजा, आणि माझ्यासारख्याने पहिल्या शॉटमध्ये पोचायचा विचारच सोडा. चढ दिसला की आपण नकळत डिस्कचं नाक वर करतो, ती हवेत उभी राहते आणि मागे पडते, त्यापेक्षा खांदे चढाला समांतर करून अंडरस्टेबल (सहज उजवीकडे वळणारी) डिस्क मारलेली बरी. उतारावर उलटं, डिस्क जास्त वेळ हवेत राहते म्हणजे फेडलाही (शेवटी डावीकडे वळण्यालाही) जास्त वेळ मिळतो, तुम्ही वरून बघत राहता आणि ती डावीकडे, अजून डावीकडे, अजून डावीकडे जात राहते. पाच-सहा सेकंदात माणूस किती नवस बोलू शकतो ते तिथे कळतं.

तरी स्कोर +१६ च. कारण झाडांनी सोडलेले शॉट पटिंगने, म्हणजे बास्केटजवळच्या शॉटने, पकडले.

एकच होल सांगतो. बास्केट उताराच्या मध्यावर, मी टीवरून झकास मारला, डिस्क बास्केटच्या वरच्या अंगाला २५ फुटांवर. बर्डीचा पट! पार्कात हा पट मी झोपेत टाकतो. टाकला, चेनच्या वरून गेला, पलीकडे काठावर पडला आणि चाकासारखा निघाला खाली, मी आपला वर एका पायावर उभा राहून बघतोय, कारण १० मीटरच्या आतून पट मारल्यावर तोल जाऊन पुढे पडलो तर तो पण फाउल. डिस्क साठेक फुटांवर थांबली. तिथून चढावर पट, बास्केटच्या वरच्या पट्टीला लागून परत खाली. मग जवळ आणला. मग टाकला. दोनच्या ऐवजी पाच. मित्र काही बोलला नाही, नुसता पाणी प्यायला, ते जास्त लागलं.

घरी येऊन वही बघितली तर ऑगस्टचे १६ पैकी ७ शॉट असे, बास्केटच्या वरून मारलेल्या पटमुळे गेलेले. खालून मारलेल्या पटने एकच. मग डोकं चाललं. आमच्या बिल्डिंगच्या मागे पार्किंगला लागून गवताचा एक बांध आहे, तिथे घडीचं बास्केट नेऊन मधोमध ठेवलं आणि सहा आठवडे, पाऊस नसेल तेव्हा रोज संध्याकाळी २० फुटांवरून वीस पट वरून आणि वीस खालून. शेजारचे एक काका रोज फिरायला निघताना थांबून बघायचे, तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पण एक टाकून बघितला, गेला, पहिलाच, आणि ते काही न बोलता निघून गेले. असो. आकडे असे: खालून वीसात १७, वरून वीसात ११. सराव करून वरचे ११ चे १३ झाले, त्यापुढे हलेनात. उतारावर डिस्क तरंगते म्हणून खालच्या चेनवर नेम धरायचा, पाय मागेपुढे न ठेवता फाकवून उभं राहायचं, हे सगळं केलं, तरी १३.

मग म्हटलं वरून पट सुधारत नसेल तर वरून पट मारायचाच नाही. म्हणजे काय, तर दुसरा शॉट मारताना बास्केटवर नेम धरायचाच नाही, बास्केटच्या खालच्या अंगाला पंधरा फूट ठेवायचं, कमी पडला तर पडू दे. ऐकायला सोपं आहे पण समोर बास्केट दिसत असताना हात ऐकत नाही. शाळेत आम्ही गोट्या खेळायचो तेव्हापासून सवय एकच, जे दिसतंय त्याला मारायचं.

ऑक्टोबर. सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा तीन-चार डिग्री, हात गारठलेले, डिस्क दगडासारख्या कडक, पहिल्या तीन होलला हातातून सटकत होत्या म्हणून पटर जॅकेटच्या आत पोटाशी धरून फिरत होतो. बूट ह्यावेळी नवे, चांगल्या ग्रिपचे, कारण ओली मुळं आणि त्यावर पानं म्हणजे टी पॅडच्या बाहेर पाऊल टाकलं की घसरगुंडी. सह्याद्रीत ॲक्शन ट्रेकिंगच्या बुटांवर जो विश्वास बसला होता तो अजून कुठल्याच बुटावर बसलेला नाही, पण चाललं. आणि रंग! मी काय वर्णन करू, मेपल लाल, बर्च पिवळे, खाली सगळं जंगल केशरी, आणि त्यात मी मूर्खासारखा केशरी बझ घेऊन गेलेलो. पाचव्या होलला फेअरवेच्या मधोमध पडली, दोघांनी पडताना बघितली, आणि सापडली नाही. शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, ती पाय घासत पानं उडवण्यात गेली, वर एक पेनल्टी. पानगळीत निळी डिस्क न्या. ह्या अख्ख्या पोस्टमधलं एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी पन्नासेक डॉलर वाचतील.

पण बाकी प्लॅन चालला. खाली ठेवा, वर टाका. खाली ठेवा, वर टाका. कंटाळवाणं गोल्फ. ऑगस्टमध्ये जिथे पाच झाले होते त्या होलला टीवरून परत वरच्या अंगाला गेलो, ह्यावेळी तीसेक फूट, आणि परत बर्डीचा पट समोर. मी डिस्क बास्केटच्या पायाशी अलगद टाकली. मित्र हसला, म्हणाला अरे तीस फुटांवरून ले-अप कोण करतं. त्याची डिस्क माझ्या बाजूलाच होती, त्याने मारला, पट्टीला लागला आणि ती गेली निघून त्याच जुन्या वाटेने, अगदी त्याच झुडपापर्यंत. मी पार, तो डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त). मी काही बोललो नाही, पाणी प्यायलो.

शेवटी कार्ड असं: ३ बर्डी, ३ पार, १२ बोगी, एकही डबल नाही. +९. बारा बोगी हे काही मिरवायचं कार्ड नाही, कोणी रेटिंगवाला वाचत असेल तर हसेल, पण माझ्या १२० फूट जास्त मारणाऱ्या मित्राचे +११ झाले आणि परतीच्या वाटेवर कॉफी त्याने पाजली. वहीप्रमाणे झाडांचे शॉट ११ वरून ४ वर आणि वरून मारलेल्या पटचे ७ वरून १ वर. उरलेले बहुतेक अंतराचे आहेत, म्हणजे माझा हात तिथे पोचतच नाही, आणि त्यावर सध्या तरी कोपराची परवानगी नाही.

दुपारी पोळीभाजीचे रोल आणि चिवडा खाऊन फॉक्स रन पण खेळलो, त्याबद्दल फार लिहीत नाही. मोकळं मैदान, वारा आणि बाजूला आखलेली ओबी (हद्दीबाहेरची जागा), म्हणजे सकाळी जे शिकलो त्यातलं काहीच कामाला आलं नाही. +१७. ड्रायव्हर गाडीत होते, तिथे ते हवे होते. लेपर्ड समोरच्या वाऱ्यात उजवीकडे वळत वळत उंच गवतात गेला तो गेलाच, दोन वर्षं जुना, मस्त मुरलेला, असा लेपर्ड दुकानात मिळत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

आता खिंड बंद होईल, परत जाणं थेट मे च्या शेवटी. तोपर्यंत बांधावर पट, आणि वरून १३ चे १५ होतात का बघू. लेपर्डची आशा अजून सोडलेली नाही, तिथले लोक डिस्क सापडली की मागचा नंबर बघून आवर्जून फोन करतात, बझचा तर तिसऱ्या दिवशीच यायला हवा होता असं मित्राला म्हणालो. तेव्हा त्याने आठवण करून दिली की मी गणपतीत हौसेने सगळ्या डिस्कवर फोन नंबर मराठी आकड्यांत लिहिला होता.