राजहंसगडावर पाच वॅट आणि एक उसना बांबू

बेळगावजवळ येळ्ळूरच्या अलीकडं रस्त्याकडेला बांबूचं बेट दिसलं आणि आम्ही गाडी थांबवली, कारण अँटेनाचा पोल घरीच राहिला होता (दोस्ताचं म्हणणं मी विसरलो, माझं म्हणणं तो, ते भांडण अजून मिटलेलं नाही). शेतातल्या काकांना म्हटलं, एक लांब बांबू द्या, संध्याकाळी परत आणून देतो. "टॉवर बसवालायसा काय गडावर?" म्हणाले. नाही हो काका, रेडिओवर बोलणार आहोत. त्यांनी आमच्याकडं जरा बघितलं आणि गोठ्यामागनं एक वाळलेला बांबू काढून दिला. मग दोस्त गाडी चालवतोय आणि मी मागं तो वीस फुटी बांबू खांद्यावर धरून बसलोय, अशी आमची वरात गडावर गेली.

हॅम रेडिओवाले, म्हणजे लायसन काढून हौसेनं स्वतःच्या रेडिओवर बोलणारे, असं सामान घेऊन डोंगरावर का जातात हे घरच्यांना समजावून मी थकलोय. घरी खोलीत बसून, लाईट आणि पंखा चालू ठेवून जगाशी बोलता येतंच की. पण लाईटच गेली तर? अमेरिकेत 1933 पासून फील्ड डे होतो, जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी, हजारो लोक मैदानात, बागेत, डोंगरावर सेट मांडून बसतात. गुण मोजतात खरे पण ते गुण कशाला देतात ते बघा, बॅटरी किंवा सोलरवर आणि पाच वॅटच्या आत चालवलं तर संपर्काचे गुण पाचपट, आणि लोकांची ये-जा असते तिथं सेट मांडला तर वर शंभर बोनस. म्हणजे कमी साधनात जमतंय का बघा आणि चार लोकांना दाखवा, बस. त्यांची सुरुवात आपल्या घड्याळात शनिवारी रात्री साडेअकराला होते, पण आपल्याकडं जूनात मिरगाचा पाऊस, कडकडाट, अशात उंचावर तार बांधून बसायचं म्हणजे नको ते धंदे. म्हणून आम्ही आपलं जानेवारीत जातो.

वर गेल्यावर बांबू एका झाडाला टेकवून दोरीनं आवळला. शेंड्यावरनं दोन्ही बाजूला दहा-दहा मीटर तार खाली उतरवली, उलट्या व्ही सारखी, चाळीस मीटर बँडला एवढीच लागते. दोस्तानं एक टोक करवंदीच्या जाळीपलीकडं न्यायच्या नादात हात ओरबाडून घेतला. मीटर बघतो तर एसडब्ल्यूआर (तारेतनं किती ताकद परत फिरते त्याचं माप, जितकं एकाजवळ तितकं चांगलं) तीनच्या वर! तार पण बरोबर, कनेक्टर पण बरोबर, अर्धा तास डोकं खाजवलं, मग लक्षात आलं की एक टोक लोखंडी खांबाला जवळजवळ चिकटलंय. ते दोन हात लांब ओढलं आणि काटा दीडच्या खाली. घरी असली भानगड कधी होतच नाही, तिथं अँटेना एकदा बांधली की वर्षानुवर्षं तशीच.

वीस मिनिटं नुसतं सीक्यू सीक्यू, म्हणजे कुणी आहे का, अशी हाक. कुणी ओ देईना. मग पुण्याचा एक आवाज आला, बारीक पण स्वच्छ, "फाईव्ह फाईव्ह" म्हणाला, म्हणजे आमचा आवाज त्याला नीट कळत होता, आणि आम्ही दोघं उगाचच उभे राहिलो. पुढं हैदराबाद, परत पुणे, मग बेंगळूरचे एक गृहस्थ, बेळगाव म्हटल्यावर इंग्लिश सोडून सरळ "ऊटा आयता?" आम्ही पण मोडक्यातोडक्या कन्नडात आयतु म्हणालो, खरं म्हणजे डबा अजून उघडला नव्हता.

तोपर्यंत गड बघायला आलेली माणसं भोवती जमली होती. एक आजी म्हणाल्या, "पैसे किती पडतात बोलायला?" काही नाही आजी, सरकारची परीक्षा देऊन लायसन काढायचं, मग फुकट. सातवीतला एक पोरगा मात्र हटेना. माईक त्याला दिला नाही पण हेडफोन दिला आणि लॉगची वही दिली. आपल्या वेळेतनं साडेपाच तास वजा करून यूटीसी, म्हणजे जगभर चालणारी एकच वेळ, लिहायचं हे त्याला एकदाच सांगितलं, नंतर तोच माझ्या चुका काढायला लागला. परीक्षेला बारा वर्षं पुरी लागतात म्हटल्यावर बापाकडं बघून म्हणाला, "मला झाली की!"

बापानं विचारलं, मोबाईल असताना हे कशाला? मी त्याला ऑगस्ट 2019 ची आठवण करून दिली. यमगर्णीजवळ हायवेवर वेदगंगेचं पाणी आलेलं, माझी मामी निपाणीकडं, दोन दिवस तिचा फोन लागला नव्हता. माझ्याकडं लायसन होतं आणि सेट पण होता, पण बॅटरी उतरलेली आणि बाहेर मांडायची कधी सवयच नाही. 2004 च्या डिसेंबरात हॅम रेडिओवाल्या भारती प्रसाद आणि त्यांची टीम अंदमानला हौसेनं रेडिओ घेऊन गेली होती, तेवढ्यात 26 तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरहून त्याच सेटवरनं निरोप जायला लागले. त्यांचं सामान आधीच मांडून चालू होतं. माझं कपाटात होतं.

तीनच्या सुमाराला बॅटरी बसली. एकूण अकरा संपर्क, त्यातला एक तर अर्धाच झाला पण पोरानं वहीत लिहून टाकलाय, मी खोडला नाही.

उतरताना काकांना बांबू परत दिला. त्यांनी शेंड्यावर बोट फिरवलं, तिथं आमची काळी टेप तशीच राहिलेली आणि खाली एक बारीक चीर.

"लागलं काय कुठं?"

बेंगळूरला लागलं म्हटलं.

"पुढच्या खेपेला टेप जरा जास्त आणा," म्हणाले आणि बांबू गोठ्यामागं नेऊन ठेवला.