घाटकोपर वेस्टच्याही पश्चिमेला

अंधेरी ईस्टहून मेट्रोत चढलं आणि सरळ पूर्वेकडे जात राहिलं की माणूस घाटकोपर वेस्टला पोचतो. इतकी वर्षं हे करतोय, कधी काही खटकलं नव्हतं. परवा दुपारी साकीनाक्याला गाडी थांबली, चारचं ऊन पाठीवर आलं आणि लक्षात आलं, की आपण सूर्याकडे पाठ करून, म्हणजे पूर्वेकडे, म्हणजे पश्चिमेला चाललो आहोत. शेजारचा माणूस कानात वायर घालून डोलत होता. त्याला सांगून उपयोग नव्हता.

मुंबईत दिशा होकायंत्राने ठरत नाहीत, रेल्वेने ठरतात. रुळांच्या एका अंगाला ईस्ट, दुसऱ्या अंगाला वेस्ट. पण वेस्टर्न आणि सेंट्रल या दोघींची ईस्ट-वेस्ट वेगवेगळी (हार्बरवाल्यांची क्षमा मागून), त्यामुळे एकीची पूर्व संपते तिथे दुसरीची पश्चिम सुरू होते. उत्तर-दक्षिण तर आम्ही केव्हाच सोडून दिली. तिच्या जागी अप आणि डाऊन.

शाळेत बाईंनी एकदा सकाळी वर्ग मैदानात नेला होता. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण, वगैरे. सूर्य समोरच्या इमारतीमागे होता, तरी आम्ही अंदाजाने उभे राहिलो. बाईंनी विचारलं, "समोर काय आहे?" उत्तर हवं होतं 'पूर्व'. घाटकोपर वेस्टच्या भटवाडीची पोरं एका सुरात ओरडली, "स्टेशन!" "बरं, त्याच्या पलीकडे?" "राजावाडी हॉस्पिटल!" मग बाईंनी पाठीमागे काय ते विचारलं. पुस्तकात मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्र होता. आमच्या पाठीमागे टेकडी होती, तिच्या पलीकडे असल्फा. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "अंधेरी ईस्ट." त्याला ओणवं उभं केलं. कोणत्या दिशेला तोंड करून, ते आठवत नाही.

तेव्हापासून खोड लागली. नवीन घरी गेलो की आधी उत्तर कुठे ते बघायचं. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. आजीचं वेगळंच: दक्षिणेला पाय करून झोपायचं नाही, ती यमाची दिशा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक कपाट, त्यात यमाला टाळून गाद्या घालायच्या. आजीला ते जमायचं. मला आजही हॉटेलच्या पलंगावर पडल्यावर पाच मिनिटं झोप लागत नाही, आणि बायको म्हणते, पाय पोटाशी घे आणि झोप.

तसं या शहराचं सूर्याशी कधी नीट पटलंच नाही. देशाची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते. मुंबई जवळपास दहा अंश अलीकडे, अंशाला चार मिनिटं, म्हणून आमच्या डोक्यावर सूर्य येतो तो सरासरी बारा एकोणचाळीसला. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी ती एकोणचाळीस मिनिटं मुंबईने सहजासहजी सोडली नाहीत. 'बॉम्बे टाइम' इथे १९५५ पर्यंत टिकून होता. मला या हट्टाचं कौतुक वाटतं. दुपारचं जेवण आजही साडेबाराच्या आत मला जात नाही.

आजोबांचा हट्ट निराळा. १९५० साली घाटकोपर पालिकेच्या हद्दीत आलं, पण पेन्शनच्या कामाला फोर्टात निघाले की म्हणायचे, "मुंबईला जाऊन येतो." डबा, छत्री, धोतर इस्त्रीचं. १९९० साली सरकारने मुंबई उपनगर असा वेगळा जिल्हाच काढला, तेव्हा ते म्हणाले, "आता कळलं त्यांना."

आत्याचा भूगोल मात्र सगळ्यात पक्का. आतेबहिणीला बोरिवलीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरचे चांगले. आत्या म्हणाली, "वेस्टर्नला? नको गं बाई, दादरला गाडी बदलायची, मग पोरगी माहेरी येणार कधी?" पुढच्या वर्षी तिला डोंबिवलीला दिली. नकाशावर पट्टी ठेवून बघा, घाटकोपरहून बोरिवलीपेक्षा डोंबिवली लांब आहे. पण सेंट्रलला आहे. वॉल्डो टोबलर नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९७० साली, डेट्रॉईट शहराची वाढ संगणकावर मांडताना, सांगून ठेवलंय, की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्यांचा लांबच्यांपेक्षा जास्त. याला भूगोलाचा पहिला नियम म्हणतात. आत्याला तो न वाचता ठाऊक होता. जवळ कशाला म्हणायचं, एवढंच तिने स्वतः ठरवलं होतं. गाडी बदलावी लागली की लांब.

अंधेरी तर ठाण्याच्या निम्म्यावर, तरी आम्हाला ती परमुलुखासारखी. बसने घाटकोपरहून जायचं म्हणजे सकाळ गेली. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी आहे तिथेच राहून जवळ आली. लगेच दोन नातेवाईक जास्त भेटायला लागले. त्यातला एक आला नसता तरी चाललं असतं.

हल्ली भाचीचा भूगोल घेतो. आराखडा नकाशा ती माझ्यापेक्षा चांगला भरते, सूचीही नीट करते. निरपेक्ष स्थान तिला येतं: मुंबई, सुमारे एकोणीस अंश उत्तर, जवळपास त्र्याहत्तर पूर्व. सापेक्ष स्थानाचं, म्हणजे एक जागा दुसरीच्या संदर्भाने सांगण्याचं, उदाहरण विचारलं, म्हणून मी तिला आत्या, डोंबिवली, साकीनाका, आजोबांची छत्री, सगळं सविस्तर सांगितलं. तिने दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या.

"मामा, एका मार्काला आहे रे हे."