एक द्राक्ष, सहा पिशव्या: आमच्या वाइन टेस्टिंगची नोंद

आमच्या वाइनप्रेमींच्या गटातल्या बहुतेकांची ओळख ऑनलाइनच. एकमेकांच्या नोट्स वाचायच्या, त्यावरून वाद घालायचा, हे बरीच वर्षं चालू होतं. पण एकाच बाटलीतली वाइन एकाच वेळी चाखून समोरासमोर बोलणं राहूनच गेलं होतं. ते आता जमलं. पुढच्या बैठकीची जुळवाजुळवही सुरू झाली आहे, म्हणून इथवर काय ठरलं आणि काय हाती लागलं ते लिहून ठेवते.

सगळ्यात जास्त खल झाला तो विषयावर. ‘ज्याने त्याने आपल्या आवडीची बाटली आणावी’ असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. माझा त्याला ठाम विरोध होता. तशा बैठकीत गप्पा छान रंगतात, पण एका वाइनची दुसरीशी तुलना करायला हाती काहीच राहत नाही. शेवटी एकच द्राक्ष घ्यायचं ठरलं: सिराह, ज्याला ऑस्ट्रेलियात शिराझ म्हणतात. फ्रान्सच्या उत्तर ऱ्होनमधली क्रोझ-हर्मिटाज, ऑस्ट्रेलियाच्या बारोसामधली शिराझ, न्यूझीलंडच्या हॉक्स बेमधली एक, आणि आणखी दोन. द्राक्ष तेच असलं की हवामान, द्राक्षाची पक्वता आणि बॅरलचं लाकूड यांतला फरक आपोआप पुढे येतो. नव्या माणसालाही तो जाणवतो.

हिशेब सोपा आहे. बाटली ७५० मिलिलिटरची. एकेकाला ५० मिलिलिटर दिली तर बारा जणांत ६०० संपते आणि दुसऱ्यांदा चाखायला १५० उरते. म्हणून बारापेक्षा जास्त माणसं बोलवायची नाहीत. एकेकाच्या सहा ग्लासांचे (पाच वाइनना सहा का, ते पुढे येतंच) मिळून ३०० मिलिलिटर होतात, आणि १३-१४ टक्के अल्कोहोल असलेली एवढी वाइन पोटात गेली तर शेवटच्या दोन ग्लासांचं मत विश्वासाचं राहत नाही. प्रत्येकासमोर थुंकायला एक उंच, अपारदर्शक पेला ठेवला. सुरुवातीला लोक संकोचतात; एकाने मोकळेपणाने थुंकलं की बाकीचेही सरावतात. गाडी चालवत कोणी यायचं नाही, हे आमंत्रणातच लिहिलं होतं. अत्तर लावून यायचं नाही, हेही.

ग्लास सगळ्यांचे सारखे हवेत. यावर मी अडून बसले, कारण ग्लासाचा आकार बदलला की वासही बदलतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा साधा टेस्टिंग ग्लास पुरतो: खाली फुगीर, तोंडाशी निमुळता. रेड वाइन खोलीत तशीच उघडी ठेवली की कोमट होते आणि नाकात आधी अल्कोहोलच घुसतं, म्हणून बाटल्या थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून साधारण १६-१७ अंशांवर आणल्या.

आता ब्लाइंडचा, म्हणजे कोणती वाइन आहे ते न कळता चाखण्याचा भाग. बाटल्या कागदी पिशव्यांत घातल्या, मानेवरची फॉइल पूर्ण काढली, बुचं खिशात टाकली. फॉइलचा रंग आणि बुचावरचा छाप दोन्ही चुगली करतात. पिशव्या मी भरल्या, पण मी बाहेर गेल्यावर दुसऱ्याने त्यांची अदलाबदल करून आकडे टाकले, म्हणजे मलाही काही कळायला नको. वाइन पाच आणि पिशव्या सहा: एका वाइनच्या दोन बाटल्या दोन वेगळ्या पिशव्यांत होत्या. ही कल्पना अमेरिकेतले वाइन-उत्पादक रॉबर्ट हॉजसन यांच्या कामावरून सुचली. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत त्यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली होती. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणं जेमतेम दहा टक्के परीक्षकांनाच जमलं. आमच्याकडेही त्या जुळ्या पिशव्यांना बहुतेकांनी वेगवेगळे गुण दिले. कोणी खट्टू झालं नाही, उलट त्यानंतरची चर्चा जास्त मोकळी झाली.

माझ्या मते सगळ्यात कामाचा नियम होता शांततेचा. ग्लास भरल्यावर पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. एकाने ‘ब्लॅकबेरी’ म्हटलं की मग टेबलभर सगळ्यांना ब्लॅकबेरीच येते. वाइन-संशोधक अ‍ॅन नोबल यांचं अरोमा व्हील, म्हणजे वाइनमधल्या वासांची नावं मांडलेलं चाक, मी छापून ठेवलं होतं, तेही लिहून झाल्यावरच वाटलं. आधी दिलं असतं तर लोकांनी नाकाऐवजी चाकावरच शोधाशोध केली असती.

या शांततेतूनच संध्याकाळची सर्वात चांगली गोष्ट निघाली. चौथ्या पिशवीतल्या वाइनबद्दल बहुतेकांनी लिहिलं होतं ‘काळी मिरी’, काहींनी तर अधोरेखित करून. दोघांच्या कागदावर मात्र मिरीचं नावही नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा ग्लास फिरवला, नाक आत घातलं; काही नाही. यात त्यांचा अनुभव कमी पडत नव्हता. सिराहमधला मिरीचा वास रोटंडोन या द्रव्यामुळे येतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये जाहीर केलं, आणि त्यांच्या चाचणीत पाचातल्या एकाला तो वास मुळीच येत नव्हता. तेच द्रव्य खऱ्या मिरीतही असतं. थंड भागातल्या द्राक्षांत ते जास्त सापडतं, आणि पिशवी काढली तेव्हा आत क्रोझ-हर्मिटाजच निघाली. त्या दोघांनी तिच्यात ऑलिव्ह आणि धूर लिहिला होता. तोच ग्लास, पण त्यांच्यापुरती ती वेगळी वाइन होती. आता त्यांच्या जुन्या नोट्स मी वेगळ्या नजरेने वाचते.

एक बाटली कॉर्क्ड, म्हणजे बुचामुळे बिघडलेली निघाली. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास, फळ जणू पुसून टाकलेलं. हा बुचातून वाइनमध्ये उतरणाऱ्या टीसीए या रसायनाचा परिणाम, आणि ग्लास कितीही फिरवला तरी तो जात नाही. राखीव बाटली होतीच, ती उघडली. पण खराब बाटली ओतून न देता एक ग्लास टेबलाच्या टोकाला ठेवला, शेजारी चांगल्या बाटलीतला एक. ज्यांनी हा दोष फक्त वाचला होता, त्यांनी दोन्ही ग्लास आळीपाळीने हुंगले. हे शिकायला दुसरा मार्ग नाही, त्यामुळे अशी बाटली मिळाली तर जरूर ठेवा.

खायला मुद्दाम काही खास ठेवलं नव्हतं. साधा पाव आणि पाणी. चीज गुण देऊन झाल्यावर आलं, कारण चीजबरोबर तुरट वाइनसुद्धा मऊ लागते.

पुढची बैठक रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची: अगदी कोरडी (गोडवा जवळपास नसलेली) वाइनपासून गोडापर्यंत, त्याच क्रमाने. तेव्हा त्रिकोणी चाचणीही करायची आहे. तीन ग्लास, दोनांत एकच वाइन, वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून प्रत्येकाला ती निदान तीनदा द्यावी लागेल. येऊ न शकणाऱ्यांनी त्यांच्याकडे मिळणाऱ्या त्याच बाटल्या घेऊन व्हिडिओवर बसायचं, असा विचार आहे. पाच मिनिटांची शांतता त्यांनाही पाळावी लागेल, माइक बंद ठेवून.