कावळा कुठे गेला?

लिफ्टमध्ये दोन मजल्यांत कितीसं बोलून होणार? पण वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी तेवढ्यात विचारलंच, "काकू, पिल्लूसाठी दोन-चार चित्रांची पुस्तकं सुचवा ना. तुमच्याकडे खूप पुस्तकं आहेत म्हणे." पिल्लू कडेवर होतं. वय वर्षं दीड. माझ्या पर्सचा बंद चोखण्यात गर्क. पुस्तक सुचवा म्हटलं की आम्हा नाशिककरांना उगाच चेव येतो. गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, सल्ला द्यायला आणखी काय लागतं? "यादी पाठवते," असं मी ठसक्यात सांगून टाकलं.

यादी करायला बसले आणि अडकले.

तशी अडचण काहीच नव्हती. लिहिणं आणि चित्रं काढणं दोन्ही स्वतःच करणाऱ्या माधुरी पुरंदरे आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं आहेत. १९५७ साली सुरू झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची खिशाला परवडणारी पुस्तकं आहेत. विकत घ्यायचं नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. झाली की यादी! पण हे सगळं लिहून काढलं आणि कागदाकडे बघताना मला तो हत्ती आठवला.

हत्तीचं पुस्तक मी नातीसाठी एका प्रदर्शनातून घेतलं होतं. गुळगुळीत कागद, घसघशीत किंमत, आणि शेवटच्या पानावर गुलाबी चौकटीत तात्पर्य. हत्ती सशाला नदीपार नेतो, मग ससा हत्तीच्या कामी येतो, वगैरे. मी आवाज बदलून, सोंड हलवून वाचत होते. तिसऱ्या पानावर नातीने बोट ठेवलं. कोपऱ्यात, फांदीच्या टोकाला, नखाएवढा कावळा होता. मी तो पाहिलाच नव्हता.

"आजी, हा पुढे कुठे गेला?"

पुढच्या पानावर कावळा नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. हत्ती बुडतोय का तरतोय याच्याशी आम्हाला आता काही देणंघेणं उरलं नाही. सगळं पुस्तक उलटसुलट चाळून झालं. बहुधा चित्रकाराला फांदी रिकामी वाटली, त्याने एक कावळा चिकटवला आणि विसरून गेला. शेवटी तिनेच निकाल दिला, "रामकुंडावर गेला असेल. सगळे कावळे तिथेच जेवतात ना." तिने तिथे पाहिलं होतं तसं ते होतं खरं. मी विषय वाढवला नाही.

मुलं अशीच वाचतात, कोपऱ्यातून. आपण अक्षरांवर बोट फिरवत असतो आणि ती खाटेखालच्या चपला मोजत असतात. म्हणून मला ते पुस्तक चांगलं वाटतं ज्यात चित्र शब्दांची नुसती री ओढत नाही. 'झाडावर चिमणी बसली' असं लिहायचं आणि झाडावर बसलेली चिमणीच काढायची, मग एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कशाला द्यायचे? शब्दांनी चिमणी सांगावी, चित्राने खालून येणारं मांजर दाखवावं. मूल ओरडतं, "अगं, मागे बघ!" आणि वाचणाऱ्या आजीला काही पत्ताच नसतो. चार वर्षांच्या जिवाला आजीपेक्षा जास्त कळतंय, हे सुख कुठल्या तात्पर्यात नाही.

कावळ्यावरून आठवलं. १६५८ साली कोमेनियस नावाच्या एका शिक्षकाने युरोपात मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं. लहान मुलांच्या सचित्र पुस्तकांचा मूळपुरुष म्हणून त्याचंच नाव घेतात. त्यातली अक्षरओळख कावळ्यापासून सुरू होते. कावळा ओरडतो 'आ आ', म्हणून पहिलं अक्षर ते. आधी आवाज, मग अक्षर. आपल्याकडेही 'काऊ ये, चिऊ ये' करतच पहिला घास जातो. आणि हल्लीचे तक्ते? ए फॉर ॲपल! नाशिकचं पोर सफरचंदाच्या आधी द्राक्षं खातं, पण बिचाऱ्या ग्रेप्सचा नंबर लागायला जी उजाडावा लागतो.

असो. नातीला दुकानातल्या पुस्तकांत कावळा सापडेना, तेव्हा आम्ही घरीच पुस्तक करायचं ठरवलं. चित्रांची पुस्तकं बहुतेकदा ३२ पानांची असतात, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचे फर्मे पडतात. एवढा पसारा कुठे मांडायचा? ड्रॉइंगच्या एका कागदाला दोन घड्या घातल्या, मध्ये सुईदोरा ओवला, कडा कापल्या. आठ पानं तयार.

विषय शोधावा लागला नाही. पाऊस लागलेला होता आणि घरात एकच चौकशी चालू होती, गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं? पूर मोजायची आमची पट्टी तीच. पहिलं पान मुखपृष्ठाला. मग पाणी पावलांना, गुडघ्यांना, कमरेला, छातीला, गळ्याला. सातव्या पानावर पूर ओसरला आणि पायांशी चिखल. मारुती मी काढला, पाणी तिने. निळा खडू संपला म्हणून गळ्यापर्यंतचं पाणी हिरवं. आणि दर पानावर, न चुकता, मारुतीच्या डोक्यावर कावळा. ओसरलेल्या पुरात तर दोन, एक इकडच्या तोंडाकडे बघणारा, एक तिकडच्या.

माझी यादी कागदावरच राहिली. सूनबाई परत लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा नात बरोबर होती. तिने घरात पळत जाऊन ते आठ पानी पुस्तक आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हे वाच बाळाला. पण आवाज काढून हं."

चार दिवसांनी पुस्तक परत आलं. सूनबाई ओशाळलेल्या, सोबत भरपाईदाखल चिवड्याची पुडी. नातीने दारातच पानं मोजली, सहाव्यावर थांबली, आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच सांगितलं,

"आजी, बाळाने कावळा खाल्ला."